छोटी दुर्बीण: चंद्र झाला, शनी झाला, आता पुढे काय?

आकाशवेडा (धागालेखक)

दुसऱ्या एका धाग्यावर फार अवांतर व्हायला लागलं म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे बऱ्याच जणांनी लिहिलंय की ६०-७० मिमीची (म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास तेवढा) दुर्बीण हौसेने घेतली, पहिल्या आठवड्यात चंद्र झाला, गुरू झाला, शनीची कडी बघून घरातले सगळे ओरडले, आणि मग ती जी कपाटावर गेली ती गेली. आणि "पुढे काय" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, मोठी घ्या. घ्या की, कोण नाही म्हणतंय, पण माझं मत असं की मोठी घेऊनही तिचं हेच होणार, कारण अडचण भिंगाच्या आकारात नाहीये, आपण यादी संपवायला बसतो त्यात आहे. शनी बघितला, टिक. कृत्तिका बघितल्या, टिक. यादी संपली की दुर्बीण संपली.

छोट्या दुर्बिणीला "किती लांबचं दिसतं" या शर्यतीत उतरवलं की ती हरणारच. तिला दुसरं काम द्या, काय बदललं ते बघायचं. आकाशात बदलणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा चांगल्या तेजस्वी आहेत, म्हणजे गच्चीवरून, दिव्यांच्या उजेडातून सुद्धा दिसणाऱ्या.

सगळ्यात सोपं उदाहरण गुरूचं. त्याचे चार मोठे चंद्र ३० पटीत आरामात दिसतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती जण त्याच रात्री दोन-तीन तासांनी परत बघतात? आयो साडेबेचाळीस तासात एक फेरी मारतो. म्हणजे जेवणाआधी बघितलं आणि झोपायच्या आधी परत बघितलं तर त्याची जागा हललेली कळते. युरोपाला साडेतीन दिवस, गॅनिमीडला सात, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूजवळ तीन ठिपके बघितले तेव्हा त्याला ते साधे तारेच वाटले होते, खरा शोध लागला तो पुढच्या रात्री परत बघितलं आणि ठिपके भलतीकडेच दिसले म्हणून. त्याची दुर्बीण २० पटीच्या आसपासची होती आणि भिंगाच्या दर्जात तुमच्या कपाटावरच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी वाईट.

वहीत एक आडवी रेघ मारा, मधे गोल काढा, ठिपके मांडा, बाजूला तारीख आणि वेळ. दोन आठवडे जमेल तसं करा आणि मग सांगा कंटाळा आला का ते.

तुम्ही लोक छोट्या दुर्बिणीतून काय बघता, कसं बघता ते लिहा. ब्रँडच्या भांडणासाठी दुसरे धागे आहेत :)

---

निरभ्र

चांगला धागा. भर घालतो. गुरूच्या चंद्रांमध्ये जागा बदलण्याच्याही पुढची एक गंमत आहे, ग्रहणं. आयो गुरूच्या सावलीत शिरतो तेव्हा तो गुरूमागे गेलेला नसतो, गुरूपासून थोडा बाजूला छान मोकळा दिसत असतो आणि दोन-चार मिनिटांत मंद होत होत विझतो. काही आडवं आलेलं नाही, ढग नाही, आणि ठिपका गायब. प्रतियुतीच्या (गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हाच्या) आधीच्या महिन्यांत असं विझणं बघायला मिळतं आणि प्रतियुती झाल्यावर उलट, सावलीतून बाहेर येऊन पेटणं. वेळा कुठल्याही चांगल्या आकाश-ॲपमध्ये मिळतात, स्टेलॅरियम तर फुकट आहे.

याच ग्रहणांच्या वेळा पुढेमागे होतात हे बघून खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये म्हटलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. पृथ्वी गुरूपासून लांब असताना ग्रहण उशिरा दिसतं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला साडेसोळा मिनिटं आणि वर थोडं लागतं, रोमरचा आकडा २२ मिनिटांचा होता, पण मुद्दा बरोबर होता. हे सगळं ज्या ठिपक्यावरून ठरलं तो आपल्या ६० मिमीत दिसतो.

---

शंकेखोर

सगळं वाचायला भारी वाटतं पण माझा अनुभव वेगळा आहे. दुर्बिणीच्या खोक्यावर ५२५ पट लिहिलंय. ६० मिमीची आहे, लांब नळीची. मी ५२५ वर गुरू बघायचा प्रयत्न केला तर एक थरथरणारा पिवळट गोळा दिसतो आणि तो पण सेकंदात पळून जातो. चंद्रबिंद्र काही नाही. दुर्बीण खराब आहे का? कंपनीला मेल केली तर उत्तरच नाही.

---

निरभ्र

@शंकेखोर दुर्बीण बहुतेक ठीक असणार, खोकं खोटं बोलतंय. किंवा खोटंही नाही म्हणता येणार, हिशोब बरोबर आहे पण त्याचा उपयोग शून्य आहे. तुमच्या नळीवर नाभीय अंतर ७०० मिमी लिहिलं असेल बघा. आयपीसच्या (डोळ्याशी लावायच्या भिंगाच्या) आकड्याने त्याला भागायचं की पट मिळते. ४ मिमीच्या आयपीसने १७५, आणि सोबत दिलेल्या ३ पटीच्या बार्लोने (पट वाढवणाऱ्या जोडभिंगाने) ते तिप्पट, झाले ५२५.

आता दुसरी बाजू. भिंगाच्या व्यासाच्या मिमीमागे दोन पट ही वरची मर्यादा समजा, म्हणजे ६० मिमीला १२०. त्याच्या पुढे प्रतिमा नुसती फुगते, नवीन तपशील येत नाही आणि अंधारी होत जाते. ५२५ वर आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची दांडी जेमतेम ०.११ मिमी जाडीची असते, तिच्यातून काय बघणार तुम्ही, स्वतःच्या डोळ्यातला कचराच तरंगताना दिसतो.

आणि पळून जाण्याचं म्हणाल तर ते पृथ्वी फिरतेय म्हणून. २५ मिमी आयपीसने २८ पट मिळते आणि साधारण पावणेदोन अंशाचं आकाश दिसतं, तिथे ग्रहाला या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सात-एक मिनिटं लागतात. १४० पटीला हेच दीड मिनिटाच्या आत. ५२५ चा विचारच नको.

तेव्हा बार्लो खोक्यात ठेवा. ४ मिमी पण ठेवा. २० किंवा २५ मिमीने शोधा, १० मिमीने बघा. गुरू आणि शनीला ७० पट पुष्कळ होते.

---

शंकेखोर

ओके. आज करून बघतो. पण मग ते ४ मिमी देतात कशाला?

---

गच्चीवरचा

खोक्यावर ५२५ छापता यावं म्हणून :D

---

भिंगरी

मी फक्त चंद्रवाली आहे. गेली कित्येक वर्षं ७० मिमीने चंद्रच बघते आणि घरचे विचारतात की रोज तोच चंद्र काय बघतेस. तर तोच नसतो ना! प्रकाश-अंधाराची सीमारेषा ताशी साधारण १५ किमीने पुढे सरकते, म्हणजे एखाद्या विवराच्या भिंतीवर ऊन चढताना तासाभरात फरक दिसतो. आधी काळ्या भागात एक सुटा ठिपका चमकतो, तो विवराच्या मधल्या डोंगराचा शेंडा असतो, मग हळूहळू कडा उजळते आणि शेवटी तळ. पौर्णिमेला दुर्बीण लावून "चंद्रावर काहीच दिसत नाही, नुसता पांढरा" म्हणणाऱ्यांनी शुक्ल पंचमी ते दशमीमधे एकदा बघा. पौर्णिमेला ऊन डोक्यावर असतं, सावल्याच नसतात, मग खोली कळणार कशी.

मला सगळ्यात आवडणारी जागा सांगते. मेअर नूबियम नावाच्या सपाट मैदानात एक सरळ रेघ आहे, 'सरळ भिंत' म्हणतात तिला, ११० किमी लांब. खरं तर ती भिंत नाही, जमिनीतला भ्रंश आहे, एका बाजूची जमीन काहीशे मीटर खाली खचलेली. शुक्ल अष्टमी-नवमीच्या सुमाराला सूर्य पूर्वेकडून येतो, उतार पश्चिमेकडे आहे, त्यामुळे तिची सावली पडते आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. दोन आठवड्यांनी, कृष्ण अष्टमीच्या आसपास पहाटे उठून तीच बघा, आता ऊन सरळ उतारावर पडतंय आणि रेघ पांढरीशुभ्र! मधल्या दिवसात ती शोधूनही सापडत नाही. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं तरी स्वतःच्या डोळ्यांनी काळीची पांढरी झालेली बघितली तेव्हा मी वेड्यासारखी नाचले होते.

अजून एक, चंद्र आपल्याकडे एकच तोंड करून असतो असं शाळेत शिकवतात ते साधारण खरं आहे, पण तो थोडा डुलतो, त्यामुळे काही काळात मिळून ५९ टक्के भाग बघायला मिळतो. हे बघायला काही मोजमाप नको. उजवीकडच्या कडेजवळ मेअर क्रिझियम हा काळा लंबगोल आहे (आपल्या उत्तर गोलार्धातल्या नुसत्या डोळ्याच्या हिशोबाने उजवीकडे हां, दुर्बिणीत डावं-उजवं उलटतं), त्याच्यात आणि चंद्राच्या कडेत किती जागा दिसते ते दर महिन्याला बघत जा. कधी बरीच असते, कधी अगदी चेपून कडेला गेलेला असतो.

---

कोपऱ्यातला

+१ भिंगरीताई. तो एक्स पण सांगा ना.

---

भिंगरी

हो तो राहिलाच. शुक्ल अष्टमीच्या आसपास, सीमारेषेच्या बरोबर बाहेर अंधारात, दक्षिणेकडच्या भागात एक चमकता इंग्रजी एक्स दिसतो. तीन विवरांच्या कडा एकत्र येतात तिथे पहिलं ऊन लागतं म्हणून. तीन-चार तासच टिकतो आणि तेवढ्या वेळात तुमच्याकडे चंद्र वर असला पाहिजे, त्यामुळे दर महिन्याला मिळत नाही. मिळाला की मजा.

---

अमावस्या

मी जरा विरोधी सूर लावते. बदल बदल सगळं ठीक आहे पण धागालेखकांनी तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ यांना एकदम "शर्यत" म्हणून बाजूला टाकलं ते पटलं नाही. माझ्याकडे ११४ मिमीची परावर्ती (आरशाची दुर्बीण) आहे आणि मी चंद्र असला की बाहेरच पडत नाही (नावावरून कळलं असेलच). मेसिएच्या यादीत ११० गोष्टी आहेत आणि त्या माणसाला त्या सगळ्या नकोशा होत्या! तो धूमकेतू शोधत होता, आणि धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे पुंजके परत परत फसवायला नकोत म्हणून त्याने यादी केली. त्याच्या दुर्बिणी आजच्या ८०-१०० मिमीच्या तोडीच्या धरतात. म्हणजे ही यादीच छोट्या दुर्बिणीची आहे.

आणि बदल नाही कसा? पहिल्यांदा मृगातला तेजोमेघ बघितला तेव्हा एक राखाडी डाग आणि त्यात तारे, एवढंच. आता तोच बघते तर मधले चार तारे सुटे दिसतात, त्यांच्या शेजारी काळी खाच आत शिरलेली दिसते, आणि दोन्हीकडे पसरलेले पंख किती लांब जातात ते कळतं. दुर्बीण तीच. तेजोमेघ १३०० प्रकाशवर्षांवर आहे, तो काही माझ्यासाठी बदललेला नाही.

नवीन लोकांसाठी, फोटोसारखे लाल-जांभळे रंग दिसणार नाहीत, ही अपेक्षा आधी काढून टाका. अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत, कॅमेरा मिनिटांनी-तासांनी प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. बाहेर आल्यावर निदान २०-३० मिनिटं फोन बघू नका, टॉर्च लागला तर लाल. आणि अंधुक वस्तूकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा, नजरेच्या कडेला अंधारातल्या पेशी जास्त आहेत. देवयानी दीर्घिका थेट बघितली तर मधला फुगीर उजेड दिसतो, तिरक्या नजरेने बघितली तर ती २५-३० पटीच्या अख्ख्या क्षेत्राबाहेर जाते. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो, जरा बाजूला बघायला काय हरकत आहे.

---

आकाशवेडा

@अमावस्या, सूर मान्य आहे, आणि मृगाचं उदाहरण तर माझ्याच बाजूने जातंय असं मी म्हणणार :) तीच वस्तू परत परत बघा एवढंच तर सांगतोय. पण एक राहतंच, तुम्हाला अंधार मिळतो. ज्यांच्या गच्चीवरून सप्तर्षीचे सातही तारे मोजताना मारामार आहे त्यांना दीर्घिकांची यादी दिली की महिनाभरात माणूस छंद सोडतो. मी असे बघितलेत. त्यांना आधी तेजस्वी काहीतरी द्या, अंधाराची हाव नंतर आपोआप सुटते.

त्यांच्यासाठी माझं आवडतं खातं म्हणजे जोडतारे. शहरात दिसतात, चंद्रप्रकाशात दिसतात. वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात, पण दुर्बीण लावली की वसिष्ठच दोन निघतो, १४ विकला अंतर (एका अंशाच्या ३६०० विकला), ३० पट पुरते. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ, एक पिवळा एक निळा, तो दाखवल्यावर आजवर कोणी "बरं" म्हणून गेलेलं नाही.

आणि बदल म्हणाल तर कन्येतला पोरिमा बघा. दोन सारख्या तेजाचे तारे एकमेकांभोवती १६९ वर्षांत फिरतात. २००५ मध्ये ते इतके जवळ आले होते की छोटी सोडाच, बऱ्याच मोठ्या दुर्बिणींनाही एकच तारा दिसत होता. मग लांब जायला लागले, आता तीन विकलांच्या वर गेलेत, आणि शांत हवेत ७०-८० मिमीला शंभरेक पटीने दोन सुटे ठिपके दिसतात. पुनर्वसूतला कॅस्टर पण तसाच, १९६०-७० च्या सुमाराला त्याच्या दोन ताऱ्यांत दोन विकलांपेक्षा कमी अंतर होतं, आता पाचच्या पुढे आहे. म्हणजे जुन्या लोकांना जे छोट्या दुर्बिणीत अवघड होतं ते आपल्याला सोपं मिळालंय, दुर्बिणीत काही सुधारणा न होता.

शनीचंही तेच. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला बरोबर आडवी आली, जवळजवळ नाहीशी. आता दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमाराला पूर्ण उघडतील. गॅलिलिओला १६१२ मध्ये ती गायब झालेली दिसली आणि तो चक्रावला, कारण मुळात ती कडी आहेत हेच त्याला माहीत नव्हतं, ते हायगेन्सने १६५९ मध्ये छापून सांगितलं. तुमच्या घरात आत्ता पाचवी-सहावीतलं पोर असेल तर दरवर्षी एकदा त्याच्याकडून शनीचं चित्र काढून घ्या. बारावीपर्यंत कडी कशी उघडली त्याची सगळी मालिका तयार होईल.

---

शंकेखोर

आधी रिपोर्ट: २५ मिमीने गुरू, चार चंद्र दिसले!! दोन एका बाजूला दोन दुसऱ्या. १० मिमीने दोन पट्टे पण दिसले असं वाटतंय. खोक्यावर पेनाने ५२५ खोडलं.

आता दुसरी तक्रार. स्टँडला हात लावला की सगळं हलतं, फोकस करताना तर काही दिसतच नाही.

---

निरभ्र

अभिनंदन. पट्टे दिसले असणार, वाटलं नसणार.

स्टँडचं दुखणं सगळ्यांना आहे, छोट्या दुर्बिणीत पैसे वाचवायची पहिली जागा तीच. पाय पूर्ण लांब करू नका, सगळे आत घ्या आणि खुर्चीवर बसून बघा. बसल्याने नजर पण स्थिर राहते, उभ्याने वाकून बघणाऱ्याला निम्मंच दिसतं असं माझं मत आहे. मधल्या ट्रेला काहीतरी जड लटकवा. फोकसला हात लावल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग ठरवा, हलतं असताना ठरवू नका.

शोधक दुर्बीण (नळीवरची छोटी, नेम धरायची) दिवसा जुळवून घ्या, लांबच्या टॉवरच्या टोकावर किंवा खांबावर. रात्री हे काम करायला गेलात की निम्मी रात्र त्यातच जाते. सूर्यावर नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

आणि गरम खोलीतून काढून लगेच बघू नका, अर्धा तास बाहेर ठेवा. शेजारच्या गच्चीच्या वरून जाणारा ग्रह बघू नका, दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत असतं आणि ग्रह उकळल्यासारखा दिसतो. उलट थोडं धुरकट, वारा पडलेलं आकाश ग्रहांना बरेचदा फार छान असतं, तारे कमी दिसतात म्हणून लोक आत जातात आणि तेव्हाच गुरू स्थिर असतो.

---

जुनी खोड

सूर्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, हे नीट वाचा.

जुन्या छोट्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी-हिरवी काच येते, 'सन' असं लिहिलेली. ती फेकून द्या. नुसती बाजूला ठेवू नका, फोडून फेका, नाहीतर घरातलं कोणीतरी एक दिवस लावेल. ती काच जिथे बसते तिथे सूर्याची सगळी उष्णता एकवटलेली असते, ती तडकते आणि तडकली की मागे तुमचा डोळा असतो. डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, गेलेलं कळतं ते नंतर.

सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण भिंग झाकणारा, त्यासाठीच बनवलेला सौर फिल्टर. दर वेळी दिव्यासमोर धरून बारीक भोकं पडली नाहीत ना बघायचं, वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का करायचा, आणि शोधक दुर्बीण काढून ठेवायची किंवा तिच्यावर झाकण. एक्सरे फिल्म, काजळी धरलेली काच, असलं काही नाही. लहान मुलं आसपास असतील तर दुर्बीण सोडून पाणी प्यायला पण जायचं नाही.

एवढं केलंत तर मात्र धागालेखकाच्या यादीत सूर्य पहिला यायला हवा. डाग रोज सरकतात, सूर्याच्या फिरण्याबरोबर या कडेकडून त्या कडेला जायला त्यांना दोन आठवड्यांच्या जवळपास लागतात. मधे काही विरतात, काही फुटून दोन होतात. कडेला गेले की चपटे दिसतात, त्यावरून सूर्य गोल आहे हे दिसतं, नुसतं माहीत असतं त्यापेक्षा वेगळं वाटतं ते. आणि दिवसा असतं, झोपमोड नाही, दिव्यांचा उजेड आड येत नाही. गुरूसारखंच गोल काढून डाग मांडत जा.

---

आकाशवेडा

@जुनी खोड फार महत्त्वाचा प्रतिसाद, धन्यवाद. संपादकांना जमलं तर हा वर चिकटवा.

---

नवखी

मी अजून घेतलेलीच नाही, सगळं वाचून आता घ्यावीशी वाटतेय. ११४ मिमीची एक बघितली, नळी छोटीशी आहे, अर्ध्या मीटरच्या आतली, नाभीय अंतर १००० मिमी लिहिलंय. छोटी म्हणजे न्यायला सोपी म्हणून बरी वाटली. घेऊ का?

---

अमावस्या

नको. परावर्ती दुर्बिणीत नाभीय अंतर १००० आणि नळी त्याच्या निम्मी, तर समजायचं की आत फोकसरमधे एक बार्लोसारखं भिंग बसवून लांबी वाढवलेली आहे. तत्त्वात चूक नाही पण स्वस्तातल्या दुर्बिणीत ते भिंग आणि मुख्य आरसा दोन्ही कामचलाऊ असतात, प्रतिमा कधी टोकदार होतच नाही, आणि आरसे जुळवायला घेतले की ते भिंग मधे येतं. त्याच आकाराची पण लांब नळीची असेल तर बघ. माझी तशीच आहे.

विषुववृत्तीय स्टँडपेक्षा साधा वर-खाली-आजूबाजू फिरणारा घे, किंवा डॉब्सनचं खोकं. खोकं म्हणजे खरंच लाकडी खोकंच असतं, जमिनीवर ठेवायचं, हाताने ढकलायचं. थरथर नाही, वजनं नाहीत, ध्रुवताऱ्याकडे रोखणं नाही. १५० मिमीची डॉब्सोनियन मिळाली तर काही वर्षं दुसरं काही बघावं लागणार नाही, पण ती सव्वा मीटरची असते, घरात कुठे ठेवणार आणि बाहेर कोण उचलणार हे आधी ठरव. जी उचलायचा कंटाळा येतो ती घेऊ नये.

---

गच्चीवरचा

आणि काहीच ठरत नसेल तर १०x५० द्विनेत्री. कृत्तिका, पुष्य, वृश्चिकाच्या शेपटीजवळचे गुच्छ हे द्विनेत्रीत दुर्बिणीपेक्षा देखणे दिसतात कारण क्षेत्र मोठं. गुरूचे चंद्र पण दिसतात, हात भिंतीला टेकवून धरलं तर.

---

सहाव्या मजल्यावरून

मुलांना दाखवताना येणाऱ्या अडचणींवर कोणी लिहिलं नाही. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, मग ती दोन्ही मिटतात आणि "हो दिसलं" म्हणतात. न मिटणाऱ्या डोळ्यावर तळहात ठेवायला सांगा. ती आयपीसला धरून लोंबकळतात, म्हणून शेजारी एक खुर्ची उलटी ठेवून तिची पाठ धरायला द्या. आणि खरंच दिसलं का हे कळायला "किती ठिपके आहेत, कुठल्या बाजूला जास्त" असं विचारा. उत्तर चुकलं तर ग्रह निसटलेला असतो, मुलाची चूक नसते.

---

कोपऱ्यातला

आकाशवेडा, तुम्ही रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांबद्दल लिहाल असं वाटलं होतं, बदल म्हटल्यावर पहिले तेच आठवतात. मिरा तर छोट्या दुर्बिणीसाठीच आहे, ३३२ दिवसांत कधी नुसत्या डोळ्याला ठळक तर कधी नवव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) खाली, पण ७० मिमीच्या हातातून कधी सुटत नाही. मला ययाती तारकासमूहातल्या अल्गोलबद्दल विचारायचं आहे. तो दर काही दिवसांनी मंद होतो हे माहीत आहे, पण मी बघतो तेव्हा तो नेहमी ठणठणीतच असतो. वेळ कशी पकडायची?

---

आकाशवेडा

मिराबद्दल वेगळा धागा काढायचा विचार होता, पण अल्गोल इथेच सांगतो.

त्याला दुर्बीण पण लागत नाही, नुसता डोळा किंवा द्विनेत्री. दोन तारे एकमेकांना झाकतात, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मोठं ग्रहण. २.१ प्रतीचा तारा ३.४ पर्यंत उतरतो आणि परत चढतो, उतरायला पाचेक तास, चढायला पाचेक तास. बाकीचे जवळजवळ अडीच दिवस तो तुम्ही म्हणता तसा ठणठणीत, म्हणून सहज म्हणून बघणाऱ्याला सापडत नाही. हा ठरावीक हिशोब १७८३ मध्ये जॉन गुडरिकने मांडला, तेव्हा तो विशीतही नव्हता आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

पकडायची पद्धत अशी. तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी, असा तो काळ आहे. म्हणजे एक ग्रहण रात्री दोनला मध्यावर असेल तर त्यानंतरचं तिसऱ्या रात्री १० वाजून ४९ मिनिटांनी, आणि त्याच्यापुढचं अजून तीन दिवसांनी संध्याकाळी ७ वाजून ३८ ला. मग ते दिवसात सरकतं आणि काही काळ दिसत नाही. ॲपमधून अशी एक रात्री दोनची वेळ शोधा, पुढच्या दोन आपोआप मिळतात. मधली पावणेअकराची सगळ्यात सोयीची, आठला एकदा बघा, पावणेअकराला बघा, जमलं तर एकला. प्रत्येक वेळी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून लिहायचं, यापेक्षा मंद, त्यापेक्षा तेजस्वी. देवयानीच्या टोकाचा अलमाक हा त्याच्या नेहमीच्या तेजाचा आहे, तो वरची खूण म्हणून ठेवा, आणि ययातीमधलेच दोन-तीन मंद तारे खालच्या खुणेला.

ढग आले तर सात फेऱ्या म्हणजे २० दिवस आणि पावणेदोन तास, तेवढ्याने तीच रांग परत येते, फक्त घड्याळात पावणेदोन तास पुढे. तेव्हा पावणेअकराचं हुकलं तर वीस दिवसांनी साडेबारा धरा.